अंगणातलं कॉसमॉस, माळावरचं कॉसमॉस

मालेगावहून एका वाचक आपांनी कळवलं आहे, "भाजीपाल्याचं पुष्कळ झालं, आता फुलांचं काही लिहा. आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, तेवढं ध्यानात ठेवा." कमी पाण्याचं आणि बिनखर्चाचं फूल म्हटलं की आम्हाला कॉसमॉसच आठवतं. पण या फुलापायी आम्ही एकदा चांगलेच खजील झालो आहोत. ते सांगितल्याशिवाय बी टाका म्हणणं बरं नाही.

आधी लागवड. कळवणला आमच्या घरामागं मुरमाड जमिनीची एक पट्टी आहे, दिवसभर उन्हाची. पाऊस स्थिरावला की तिथं बी टाकतो आणि वरून चिमूटभर माती. आठ-दहा दिवसांत उगवतं. मग दोन रोपांत वीतभर-दीड वीत अंतर ठेवून बाकीची काढतो. खत घालायचं नाही. पहिल्या वर्षी अम्मींनी मायेनं शेणखताची पाटी रिकामी केली, तर झाडं छातीएवढी वाढली, पानंच पानं, फुलं मोजकी, आणि एका वादळी पावसात सगळी आडवी. रोप फूटभर झालं की शेंडा खुडावा, फांद्या फुटतात. दोनेक महिन्यांत फुलं सुरू होतात. सुकलेलं फूल खुडत राहिलं की नवं येतं. पिवळं-नारिंगी कॉसमॉस आपल्या उन्हापावसात बिनतक्रार वाढतं. शेपूसारख्या बारीक पानांचं गुलाबी-पांढरं असतं, ते पाऊस ओसरल्यावर लावावं.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. स्पेनमधले पाद्री आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिय्येस यांनी १७९१ मध्ये त्याला हे नाव दिलं. ग्रीक भाषेत कॉसमॉस म्हणजे सुव्यवस्था, आणि विश्वसुद्धा. आपल्या उर्दूतलं कायनात म्हणा ना. वर्गात हे सांगितलं की मुलं फुलाकडं जरा अदबीनं बघतात.

तर दुसऱ्या वर्षी बी भरपूर निघालं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुड्या करून आम्ही सहावीच्या वर्गात वाटल्या. कुणी झाड लावावं, पेरावं, आणि त्यातलं पाखरानं, माणसानं, जनावरानं खावं, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशा अर्थाची हदीस आपण सगळेच सांगतो. आम्हीही मनातल्या मनात ती घोळवत होतो आणि खुशीत होतो.

दोन पावसाळे गेले. ऑक्टोबरात अभोण्याकडच्या एका पाड्यावरचा मुलगा मधल्या सुट्टीत आला. "मॅडम, तुमची फुलं आमच्या माळावर लई झाली." आम्ही शाबासकी द्यायला हात उचलला, तोच तो खाली बघत म्हणाला, "बकऱ्या तोंड लावत नाहीत."

रविवारी गेलो. उतारभर नारिंगी रंग, लांबून बघणाऱ्याला हेवा वाटावा असा. त्यानं पुडी घराजवळच फेकली होती; बाकीचं काम वारा, पाऊस आणि त्या चोचदार बियांनी केलं. गवत, तेरडा, सोनकी मधूनमधून, दबून. बकऱ्या फुलं ओलांडून वरच्या कपारीत गवत शोधत होत्या. त्याची आजी म्हणाली, "बाई, दिसायला चांगलं हाय. पण बकरीनं बघून पोट भरायचं का?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. मधमाश्या आणि फुलपाखरं येतात, हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

पुण्याच्या टेकड्यांवर हेच झालं आहे. लोक तिथं फोटो काढायला जातात आणि अभ्यासक सांगतात की हे बाहेरचं झाड स्थानिक वनस्पतींची जागा घेतं. ते आम्ही वाचलं होतं. वाचूनही पुड्या वाटल्या, हे कबूल केलेलं बरं.

त्या दिवशी मुलं आणि आम्ही मिळून उपटत बसलो. ओल्या जमिनीतून मुळासकट सहज येतं, फक्त बी पिकायच्या आत यायला हवं. आम्ही उशिरा पोचलो होतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उगवलं, आणि पुन्हा गेलो. आता दर वर्षी सप्टेंबरातच जातो.

तेव्हा लावा, पण कुंडीत किंवा भिंतीच्या आतल्या पट्टीत. पुढच्या वर्षापुरती चार फुलं झाडावर पिकू द्या, बाकी सुकायच्या आत कापा. कापलेलं नाल्यात, उकिरड्यावर टाकू नका. पावसाळ्यात मातीचे गोळे करून रानात बिया फेकायची हौस आहे, त्यात कॉसमॉस तर नकोच. शेजारच्या भाभींनी परवा विचारलं, कब्रस्तानच्या कडेला टाकू का? आम्ही नको म्हणालो. तिथून लगेच नदीकाठ सुरू होतो. त्या थोड्या नाराज झाल्या.

मालेगावच्या आपांना या पत्राबरोबर बी पाठवत आहोत, एकच पुडी. वर लाल शाईनं लिहिलं आहे: दाराबाहेर टाकू नये.