ओसाड गावातील माणसे

रामेश्वर बेटाच्या आग्नेय टोकाशी धनुष्कोडी हे गाव आहे. एका बाजूस बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूस मन्नारचे आखात आणि मधे वाळूचा अरुंद पट्टा. २०१७ साली पक्का रस्ता झाल्यापासून प्रवासी वाहनाने थेट टोकापर्यंत जातात. परंतु मुकुंदरायर छत्रमपासून किनाऱ्याने जो पायी निघतो, त्याला हे गाव अधिक जवळून दिसते. पावले वाळूत रुततात, वारा क्षणभरही थांबत नाही. आणि पुढे चर्चच्या व रेल्वे स्थानकाच्या छप्पर उडालेल्या भिंती उभ्या दिसतात.

हे एके काळी गजबजलेले बंदर होते. १९१४ पासून येथवर आगगाडी येई आणि पुढे जहाजाने श्रीलंकेतील तलैमन्नारला जाता येई. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी लाटांखाली गेली. तीतील शंभराहून अधिक माणसे दगावली. गाव उद्ध्वस्त झाले. पुढे शासनाने ही जागा वस्तीस अयोग्य ठरवली.

तेव्हापासून धनुष्कोडीला ‘भुतांचे गाव’ म्हणण्याची रूढी पडली आहे. हे नाव अन्यायकारक आहे. पडक्या भिंतींच्या आसपासच कोळ्यांच्या झावळ्यांच्या झोपड्या आहेत. वाळूत खड्डा खणून गोडे पाणी मिळवावे, होडी लोटावी, जाळे टाकावे, असे त्यांचे जीवन. मासळी जेथे, तेथेच त्यांची भाकरी. म्हणून ते परतले.

शासनाचा निर्णय चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. अशा जागी पुन्हा शहर वसवणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणेच होय. मात्र जागा अयोग्य ठरवली, म्हणून तेथील माणसांविषयीचे कर्तव्य संपत नाही. वादळाची सूचना वेळेवर मिळणे, सुरक्षित निवारा जवळ असणे, मुलांना शाळा असणे, या गोष्टींवर त्यांचाही इतरांइतकाच हक्क आहे.

प्रवाशाचेही काही कर्तव्य आहे. ज्या भिंतींपाशी तो छायाचित्र काढतो, तेथे कोणाचे तरी आईवडील वाहून गेले आहेत. तेथे त्याने कचरा टाकू नये, भिंतीचा दगड आठवण म्हणून उचलू नये. आणि परतताना जवळच जाळे विणत बसलेल्या माणसाची घटकाभर विचारपूस करावी. अवशेष पाहून येणाऱ्याला त्या माणसाची ओळख झाली नाही, तर त्याने धनुष्कोडी अर्धेच पाहिले.