विकर कमी म्हणून रक्त कमी नाही

करमाळा तालुक्यातले आमचे केम कुंकवासाठी ओळखले जाते. या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही दुसऱ्या लाल रंगाबद्दल बोलणार आहोत, आपल्या रक्ताबद्दल. "यांच्या रक्तातच आहे," हे शब्द आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखे ऐकले. आता डॉक्टरही म्हणतात, "हे आनुवंशिक आहे, जीनमध्ये आहे." ते ऐकून कोणी घाबरते, कोणी लपवते, कोणी सुनेच्या माहेराला नावे ठेवते. म्हणून एक उदाहरण नीट समजून घेऊ.

आपण भाकरी खातो, पोटात तिची साखर होते. ती साखर वापरायला शरीराला विकरे लागतात. यांनाच एन्झाइम म्हणतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. त्यातल्या एकाचे नाव लांबलचक आहे, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. दवाखान्यात त्याला जी-सिक्स-पी-डी म्हणतात. तांबड्या पेशीत आलेल्या साखरेचा काही भाग हे विकर वेगळ्या वाटेने नेते आणि त्यातून पेशीला संरक्षण मिळते. लोखंडाला जसा गंज चढतो, तसा काही औषधांमुळे आणि जंतुसंसर्गामुळे पेशीवर मारा होतो. तो मारा थोपवायला तांबड्या पेशीकडे या विकराशिवाय दुसरा भरवशाचा आधार नाही.

हे विकर कसे बनवायचे याची कृती जनुकात असते. त्या कृतीत एखादे अक्षर जरी बदलले तरी विकराचे काम बदलते. कोणाचे विकर थोडे मंद असते, कोणाचे लवकर झिजते, तर कोणाचे नेहमीच्या १० टक्केही काम करत नाही. असे २०० हून अधिक बदल आजवर सापडले आहेत. भारतात मुख्यतः तीन दिसतात : मेडिटरेनियन, केरळ-कल्याण आणि ओडिशा. यातले 'कल्याण' हे नाव आपल्या महाराष्ट्रातले. १९८४ साली एका कोळी कुटुंबात या प्रकाराची नोंद झाली. केरळमध्ये सापडलेला प्रकारही तोच असल्याचे पुढे कळले. जगात सुमारे ४० कोटी लोकांत हे विकर कमी आहे. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही.

मग त्रास कधी होतो? कारण घडले की होतो. हिवतापाच्या एका प्रकारात, म्हणजे व्हायवॅक्समध्ये, ताप पुन्हा उलटू नये म्हणून १४ दिवस प्रायमाक्वीन देतात. औषध चांगले आहे आणि गरजेचेही आहे. पण ज्याचे विकर फार कमी आहे त्याच्या तांबड्या पेशी या गोळीने भराभर फुटू शकतात. डोळे पिवळे होतात, दम लागतो, लघवी काळ्या चहासारखी होते. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन आणि लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइन यांनीही असे घडू शकते. उत्तर भारतात बाकला नावाची शेंग खातात, तिनेही घडते. आपल्या तुरी-मुगाची भीती बाळगू नका. कपड्यांच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांची मात्र काळजी घ्या. त्या पेटीतले दुपटे न धुता, ऊन न देता तान्ह्या बाळाला गुंडाळू नका.

बुद्धांनी शिकवले की कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणामही टळतो. इथे अगदी तसेच आहे. जनुक बदलता येत नाही, पण गोळी बदलता येते, मात्रा बदलता येते, वेळीच थांबता येते. नशीब म्हणून हात जोडून बसण्यासारखे यात काही नाही.

हा शोध लागला कसा, तेही आपण लक्षात ठेवावे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत. प्रायमाक्वीनने काही काळ्या कैद्यांच्या पेशी फुटल्या. त्याचे कारण या विकरात आहे, हे कार्सन, अल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखवले. ज्यांना नाही म्हणण्याचे बळ कमी, अशांच्या शरीरावर मिळालेले हे ज्ञान आहे. सुरुवातीला हा काळ्यांचा दोष समजला गेला. पुढे तो भूमध्य समुद्राकाठी सापडला, अरबांत सापडला, मुंबईच्या पारशांत सापडला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे तो जास्त दिसतो, कारण हे विकर कमी असलेल्यांना हिवतापापासून थोडे संरक्षण मिळत असे. विदर्भातल्या आपल्या बांधवांत सिकलसेल का जास्त, याचेही मुख्य कारण हेच सांगतात. म्हणजे ज्याला लोक दोष म्हणतात, तो एके काळी जगण्याचा आधार होता.

मग एखाद्या समाजात असे बदल जास्त का साठतात? याचे उत्तर शोधताना बाबासाहेबांची आठवण होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. लग्नाचे कुंपण घातले की जात तयार होते. त्याच कुंपणात जनुकांचे बदलही फिरत राहतात. रक्तामुळे जात झालेली नाही. जातीच्या कुंपणाने मात्र रक्तावर खुणा सोडल्या आहेत. आपल्या सोलापूर भागात मामाच्या मुलीशी लग्नाची चाल अजून आहे. नात्यात लग्न झाले की असा बदल आई-वडील दोघांकडूनही मुलीला मिळण्याची शक्यता वाढते. पोटजात आणि नाते ओलांडून केलेले लग्न ही समतेची गोष्ट आहेच, ती आरोग्याचीही आहे.

आता सुनेला दोष देणाऱ्यांसाठी. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स आईकडून मिळतो, म्हणून त्रास मुलग्यांत जास्त दिसतो आणि बोट आईकडे जाते. पण त्या आईला तो तिच्या वडिलांकडूनही आलेला असू शकतो. ज्या पुरुषाचे विकर कमी आहे तो हा बदल आपल्या प्रत्येक मुलीला देतो. यात कोणाचा गुन्हा नाही. काही बायकांतही विकर निम्म्यावर असते आणि साध्या चाचणीत ते सुटू शकते, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला असतो. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ वाढू लागली तर आपल्याकडे गळ्यात माळ घालतात, कावीळ उतरवून घेतात. त्यात दोन दिवस जातात आणि कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवून बहुतेक बाळे बरी होतात. बाळ पिवळे दिसले, दूध ओढेना, झोपेतून उठेना, तर माळ बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी करमाळ्याला किंवा सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात न्या.

आमचे मत स्पष्ट आहे. प्रायमाक्वीन सुरू करण्याआधी आणि वाढत्या काविळीच्या प्रत्येक बाळासाठी ही चाचणी सरकारी दवाखान्यात फुकट आणि जवळ मिळाली पाहिजे. रक्ताचे थोडे थेंब पुरतात. मुंबईत परळला, आमच्या गावाशी नाव जुळणाऱ्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. तिथे रक्ताच्या अशा विकारांवर संशोधन चालते. ज्ञान परळपर्यंत आहे, ते केमच्या वस्तीपर्यंत आले पाहिजे. आमची पोरे कामाला मुंबई-ठाण्याला जातात, तिथून ताप घेऊन येतात. गोळी सुरू करण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारावा : "साहेब, माझी जी-सिक्स-पी-डी तपासली का?" गोळी घेताना लघवी काळी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. पेशी नुकत्या फुटल्या असतील तर चाचणी चुकीने चांगली येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी.

घरात कोणाला ही कमतरता निघाली तर ती आरोग्याच्या वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे काढून हे पान मोठ्याने वाचा, विशेषतः गरोदर भगिनी आणि त्यांच्या सासवांसमोर. ज्यांच्या रक्ताला शतकानुशतके हीन म्हटले गेले, त्यांनी आपले रक्त लाजेने झाकू नये, तपासून घ्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!