तण उपटले, पुढे काय?

मूळचे अमेरिका खंडातील गाजरगवत आपल्या देशात १९५५ साली पुण्यात लक्षात आले. आज सोलापूर, अहिल्यानगर आदी अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतील माळांवर त्याने ठाण मांडले आहे. त्याचे एकेक रोप हजारो बिया टाकते आणि जनावरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. ते फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे, हे खरेच. १९८४ पासून त्यावर मेक्सिकन भुंगेरेही सोडण्यात आले आहेत.

तथापि केवळ तणनाश म्हणजे माळाची सुधारणा नव्हे. उघडी जमीन रिकामी राहत नाही. मातीतील जुने बी पुढच्या पावसात पुन्हा उगवते. ती जागा शेडा, मारवेल, डोंगरी या आपल्या बहुवर्षायू गवतांनी व्यापली पाहिजे. पावसाच्या आरंभी त्यांचे बी पेरावे आणि नवे बी पिकून गळेपर्यंत तेथे चराई बंद ठेवावी.

खरी अडचण येथेच आहे. मेंढपाळांस दुसरे कुरण न देता घातलेली बंदी टिकत नाही. म्हणून माळाचे भाग पाडून ती आळीपाळीने, त्यांच्या संमतीने घालावी. गवत परतले, तर पहिला लाभ त्यांचाच आहे.