काचेवरचा टवका, करारातील पळवाट

मालकीपेक्षा वापर महत्त्वाचा, हे सूत्र महानगरांतील नोकरदार वर्ग आता मोटारीच्या बाबतीतही स्वीकारू लागला आहे. भाडेपट्ट्यावरील मोटार ही पूर्वी बड्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांची मिरास होती. मारुती सुझुकीसारख्या कंपनीने २०२० मध्ये वर्गणी तत्त्वावर मोटारी देण्यास प्रारंभ केला आणि हा पर्याय व्यक्तिगत ग्राहकासाठीही खुला झाला. दरमहा ठरावीक रक्कम भरायची, विम्याची व देखभालीची चिंता कंपनीवर सोपवायची आणि मुदत संपली की किल्ली परत करायची, असा हा वरकरणी सुटसुटीत व्यवहार. त्याची खरी परीक्षा मात्र मोटार परत करण्याच्या दिवशी होते. समोरच्या काचेवरचा तांदळाएवढा टवकाही त्या दिवशी अनामत रकमेला कात्री लावण्यास पुरेसा ठरू शकतो.

हा टवका कसा पडतो, हे मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर खडीच्या डंपरमागून प्रवास केलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. मोटारीची समोरची काच ही दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा दाबून बनविलेली असते. उडालेल्या खड्याने बहुधा बाहेरच्या काचेचाच कपचा निघतो. त्या खळग्यात राळेसारखे द्रव्य भरून ते अतिनील किरणांनी घट्ट केले, की तो जवळपास दिसेनासा होतो. परंतु दुरुस्तीला विलंब झाला, की खळग्यात धूळ व पाणी शिरते. तापलेल्या काचेवर आतून वातानुकूलन यंत्राचा गार झोत, त्यात रस्त्यावरील खड्ड्यांचे हादरे, अशा माऱ्यात टवक्याचा तडा होण्यास वेळ लागत नाही. मग संपूर्ण काच बदलण्यावाचून पर्याय राहत नाही. काचेमागे कॅमेरा बसविलेल्या नव्या मोटारींत काच बदलल्यानंतर कॅमेऱ्याची जुळणीही नव्याने करावी लागते आणि खर्च आणखी वाढतो.

हा खर्च कोणी सोसायचा? भारतीय करार कायदा, १८७२ याचे उत्तर मोघमपणे देत नाही. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असणाऱ्याने सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले तर तो जबाबदार नाही, असे कलम १५२ म्हणते. पण करारात वेगळे ठरले नसेल तरच. मेख आहे ती येथेच. छापील करारात ‘वाजवी झीज वगळता सर्व नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची’ अशा आशयाचे वाक्य असले, की कलम १५२ चे संरक्षण दुबळे होते. आणि वाजवी म्हणजे किती, हे ठरविण्याचा अधिकार व्यवहारात कंपनीच्या तपासनीसाकडे जातो.

ब्रिटनमध्ये भाडेपट्ट्याचा व्यवसाय जुना आणि विस्तारलेला आहे. तेथील ‘ब्रिटिश व्हेइकल रेंटल अँड लीजिंग असोसिएशन’ या संघटनेने वाजवी झिजेची व्याख्या करणारी मार्गदर्शिकाच तयार केली आहे. चालकाच्या दृष्टीआड न येणारे काचेवरील बारीक ओरखडे तिला मान्य आहेत. टवके व तडे नाहीत. मात्र दृष्टिक्षेत्राबाहेरचा टवका व्यावसायिक दर्जाने दुरुस्त केलेला असेल, तर तो चालतो. मोटार परत करण्यापूर्वी दहा ते बारा आठवडे ग्राहकाने स्वतःच तिची पाहणी करावी, असा सल्लाही त्यात आहे. म्हणजे वादाचा निकष वादापूर्वीच दोन्ही पक्षांच्या हाती असतो. आपल्याकडे प्रत्येक कंपनीच्या करारात निराळी भाषा आढळते आणि ग्राहकाला निकष कळतो तो पैसे कापले गेल्यावर.

विम्याचा पैलू याहून गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडील सर्वसमावेशक वाहन विम्यात काचेवर घसारा धरला जात नाही, ही जमेची बाजू. परंतु दाव्यातील पहिली ठरावीक रक्कम विमाधारकालाच भरावी लागते आणि एका दाव्यामुळे पुढील वर्षाच्या हप्त्यातील २० ते ५० टक्क्यांची ‘नो क्लेम बोनस’ सवलत जाऊ शकते. साहजिकच किरकोळ नुकसानीसाठी दावा न करता ग्राहकाच्या अनामतीतून वळते करून घेणे कंपनीला सोयीचे वाटते. वस्तुतः विम्याचा खर्च मासिक रकमेत समाविष्ट असेल, तर तो ग्राहकाच्याच खिशातून गेलेला असतो. म्हणून कपात झाल्यास दावा केला होता काय, केला असल्यास किती रक्कम मिळाली आणि काच प्रत्यक्षात बदलली काय, असे तीन प्रश्न लेखी विचारायला हवेत. एकाच टवक्याची दुहेरी वसुली कोणत्याही न्यायात बसत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने येथे एक हत्यार दिले आहे. प्रत्यक्ष नुकसानीच्या तुलनेत अवाच्या सवा दंड लादणारा करार या कायद्याच्या व्याख्येनुसार अनुचित ठरतो आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. तथापि काही हजार रुपयांसाठी आयोगाची पायरी चढणारे किती निघतील? तेव्हा सावधगिरी हाच व्यवहार्य मार्ग. मोटार ताब्यात घेताना काचेची तारखेसह छायाचित्रे काढावीत. टवका पडताच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून कंपनीला लेखी कळवावे आणि तिच्या संमतीनेच दुरुस्ती करून पावती जपून ठेवावी. परस्पर केलेली दुरुस्ती कंपनीने अमान्य केली, तर पैसे दोनदा जातात. परतीच्या वेळी मागे काही राहिले नाही असे लेखी घेतल्याशिवाय किल्ली सोपवू नये.

पण सगळा भार ग्राहकाच्या दक्षतेवर टाकून चालणार नाही. टवका किती मिलिमीटरपर्यंत क्षम्य, काचेच्या कोणत्या भागात आणि दुरुस्तीचा दर काय, हे करारासोबत एका पानावर छापून देणे कंपन्यांना अवघड नाही. ते त्यांनी आपणहून केले नाही, तर सरकारने सांगण्याची वेळ येईल. ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ ज्याच्या हाती पैसे त्याने लावायचा, हा व्यवहार वाजवी नव्हे.