कुटी कीं गाडी?

गेल्या महिन्यांत विदर्भांतील एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांचे दोन चिरंजीव व एक पुतण्या अमेरिकेंत असतात. येत्या सुट्टींत सर्व कुटुंबानें फ्लॉरिडा प्रांतीं आठ दिवस एकत्र राहावें, असा त्या तिघांचा बेत ठरला आहे. परंतु उतरावयाचें कशांत, यावर घोडें अडलें आहे. थोरला म्हणतो केबिन घ्यावी, धाकटा म्हणतो कँपर घ्यावा. निकाल मात्र आईनें द्यावयाचा! "यांपैकीं एकही वस्तु मीं पाहिलेली नाहीं, तेव्हां सांगूं तरी काय?" असें त्या बाई विचारतात.

योगायोग असा कीं, आम्हीं या दोन्ही वस्तु पाहिल्या आहेत. इतकेंच नव्हे, दोहोंत निजलोंही आहों. तेव्हां या महिन्याचें हें पान त्या पत्राच्या उत्तराला देत आहों. ज्यांच्या घरचें कोणी परदेशीं आहे अशा इतर वाचकांसही त्याचा उपयोग होईल.

प्रथम शब्दांचा अर्थ सांगूं. 'केबिन' म्हणजे रानांत उभारलेली सुसज्ज कुटी. 'कँपर' म्हणजे चाकांवरचें घर. कोणतें मोटारीमागें जोडून ओढून न्यावयाचें, तर कोणाला स्वतःचेंच एंजिन. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण वरचेवर बदली होणाऱ्या नोकरदारास लावतों. तिकडे लोक हौसेनें विंचू होतात! ही हौस आजकालची नव्हे. फ्लॉरिडांतील टँपा शहरीं १९१९ सालीं अशा मोटारप्रवाशांनीं 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचा संघ स्थापिला होता. आणि आपणही तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. 'ग्राम' या शब्दाचा जुना वैदिक अर्थ 'समूह' असा आहे. गाड्या व गुरें घेऊन फिरणारा जनसमूह तोच मूळचा ग्राम, असें कित्येक पंडितांचें मत आहे. म्हणजे आपलें 'गांव'सुद्धां एके काळीं चाकांवरच होतें म्हणावयाचें.

आतां आमचा अनुभव. आमचे चिरंजीव अटलांटा शहराजवळ राहतात. २०२५ सालच्या मार्च महिन्यांत त्यांच्याकडे गेलों असतां टेक्ससमधील पुतण्याही सहकुटुंब येतो म्हणाला, आणि ऑर्लँडो शहराजवळील 'फोर्ट विल्डरनेस' या ठिकाणीं सहा रात्री राहण्याचें ठरलें. ही जागा डिस्ने कंपनीच्या प्रसिद्ध क्रीडानगरीचाच एक भाग असून १९७१ सालच्या नोव्हेंबरांत ती उघडली. सुमारें ७५० एकरांचें हें रान. पाइन व सायप्रस वृक्षांची दाट छाया, आणि कडेला 'बे लेक' नांवाचें सरोवर. तेथून बोटीनें मुलांच्या आवडत्या मॅजिक किंगडमला जातां येतें. या रानांत गाड्या लावण्याच्या जागा आहेत, आणि केबिनीही आहेत. गमतीची गोष्ट अशी कीं, प्रारंभींच्या काळीं येथें ज्यांना स्वतःची गाडी नसे त्यांना राहावयास देत तेही चाकांचे ट्रेलरच होते. हल्लींच्या केबिनी अगदीं नव्या, २०२४ सालीं उघडलेल्या आहेत.

आम्ही एकंदर दहा माणसें. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून पुतण्यानें केबिन घेतली. चिरंजीवांना मात्र कँपरची हौस. त्यांनीं अटलांट्याहून भाड्याचा कँपर ओढीत आणला. वाट सुमारें ७०० किलोमीटरांची. आमची रवानगी अर्थातच कँपरमध्यें झाली.

कँपर म्हणजे एक लहानसा चमत्कारच आहे. जेवणाचें टेबल खालीं सरकवून त्यावर गाद्या मांडल्या कीं त्याची शय्या होते. बांकाखालीं कोठार, जिन्याखालीं जोडे. नातवंडें तर हरखून गेलीं. परंतु साठी उलटलेल्या माणसानें दुसरी बाजूही पहावी. आंत शिरावयास दोन-तीन उंच पायऱ्या चढाव्या लागतात. शौचकूप इतका आटोपशीर कीं आंत गेल्यावर वळावें कसें हें आधीं ठरवून जावें. कोणीं कूस बदलली कीं सारें घर हालतें. दुसऱ्या रात्रीनंतर आमची सौभाग्यवती उशी घेऊन वहिनींकडे केबिनींत राहावयास गेली, आणि तिला दोष देणें आम्हांस शक्य झालें नाहीं.

दुसरी गोष्ट विजेची. आमच्या कँपरची जोडणी ३० अँपिअरची होती. तिकडे वीज १२० व्होल्टची असते, म्हणजे एकूण ३६०० वॉट. थंड हवेचें यंत्र सुमारें दीड हजार घेतें, चहाची विजेची किटली दीड हजार, आणि मायक्रोवेव्ह जवळजवळ तितकेच. पहिल्या सकाळीं तिन्ही एकदम सुरू झालीं, आणि चहा होण्यापूर्वींच घरांत अंधार झाला. त्यानंतर "मी किटली लावतें हो!" अशी हांक देऊनच सूनबाई बटण दाबूं लागल्या. एकत्र कुटुंबास हा पाठ कांहीं वाईट नाहीं.

केबिनींत हा त्रास नाहीं. सहा माणसांची निजण्याची सोय, भांडींकुंडीं, चादरी, टॉवेल, शीतकपाट, सारें कांहीं तयार. स्नानगृह मात्र एकच. पण तिचा एक दोष आम्हांस तिसऱ्या दिवशीं उमगला. स्वयंपाकघर चांगलें, म्हणून दहाही माणसें दोन्ही वेळां तेथेंच जेवावयास जमूं लागलीं. आणि दोन्ही सुना सरोवर पहावयाचें सोडून पोळ्या लाटीत उभ्या! सोय जितकी अधिक तितकें काम अधिक, आणि तें कोणाच्या वाट्यास येतें हें सांगावयास नको.

परंतु ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों ती याहून वेगळी आहे. कँपरला तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी स्नानाच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी शौचकूपाची. प्रत्येक जागेवर पाण्याची तोटी असते, आणि आमच्या जागेवर जमिनींत मैल्याच्या नळाचें तोंडही होतें. तिसऱ्या टाकीची झडप नेहमीं मिटलेली ठेवतात. उघडी ठेविल्यास पाणी वाहून जातें आणि मळ आंत सांचून घट्ट होतो. टाकी बरीचशी भरली कीं जाड नळी जोडून ती रिकामी करावयाची. आधीं शौचकूपाची, मग सांडपाण्याची, म्हणजे मागाहून आलेल्या पाण्यानें नळी धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी निराळी, बहुधा पांढऱ्या रंगाची. तिचा आणि हिचा स्पर्शही होऊं द्यावयाचा नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं चिरंजीव हातमोजे घालून गुडघ्यांवर बसले आणि नळी जोडूं लागले. आम्ही पायरीवर उभे होतों. तोंडून निघून गेलें, "अरे, हें करावयास येथें कोणी माणूस मिळत नाहीं काय?"

ते वर न पाहतांच म्हणाले, "मिळेलही, बाबा. पण घाण आपलीच आहे ना?"

त्यांनीं झडप ओढली, काम आटोपलें, हातमोजे टाकून दिले आणि साबणानें हात धुऊन चहाला आले. त्यांच्या लेखीं प्रकरण तेथेंच संपलें. आमच्या लेखीं संपलें नाहीं.

आमचें बालपण एका तालुक्याच्या गांवीं, जुन्या वाड्यांत गेलें. वाड्यामागें बोळ, आणि त्या बोळांत टोपलीचे संडास. रोज सकाळीं एक बाई पत्र्याची बादली व खराटा घेऊन येई. बोळांतून येई आणि बोळांतूनच जाई. ती गेल्यावर आमची आजी मागील दाराशीं पाणी शिंपी. दिवाळीस त्या बाईला फराळ मिळे, पण तोही वरून टाकलेला. आम्हीं तिला कित्येक वर्षें रोज पाहिलें. परंतु तिचें नांव काय, हें कधीं विचारलें नाहीं, आणि घरांत कोणाच्या तोंडून तें ऐकल्याचेंही आम्हांस स्मरत नाहीं. आजी दुष्ट नव्हती. एकादशीला ती मुंग्यांना साखर घाली.

पुढें आम्ही मास्तर झालों. अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट वर्गांत सांगतांना आमचा कंठ दाटून येई. कोंकणांतले हे ब्राह्मण गृहस्थ १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. भंगीकाम आपल्यालाही द्यावें अशी त्यांनीं मागणी केली. ती नाकारली तेव्हां उपवास आरंभिला. आणि येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्यासाठीं उपवास केला, तेव्हां सरकार नमलें. सुटल्यावरही त्यांनीं तें व्रत सोडलें नाहीं. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढून सफाईचेंच काम केलें. हें सारें आम्हीं मुलांना शिकविलें आणि परीक्षेंत त्यावर प्रश्नही घातला. स्वतः मात्र एक दिवसही झाडू हातीं धरला नाहीं. हातानें मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ सालीं कायदा झाला, २०१३ सालीं अधिक कडक झाला. तरीही गटारांत वा मैल्याच्या टाकींत उतरलेलीं माणसें गुदमरून मेल्याची वार्ता वर्तमानपत्रांत येतच असते. ती वाचून आम्ही हळहळतों आणि पान उलटतों.

त्याच दिवशीं दुपारीं, पोळ्यांचा प्रकार पाहून, आमच्या दहा वर्षांच्या नातीनें एक यादी केली आणि केबिनीच्या शीतकपाटावर चिकटविली. प्रत्येकाचें नांव आणि पुढें काम. काका: सकाळचा नाश्ता. बाबा: टाकी आणि नळ्या. आई व काकू: फक्त रात्रीचें जेवण. आजी व मोठी आजी: भाजी निवडणें. स्वतः व भावंडें: भांडीं पुसणें. शेवटीं 'आजोबा', आणि पुढें कांहींच नाहीं. नुसती एक आडवी रेघ.

आम्हीं विचारलें, "आमच्या पुढें रेघ कां?"

ती म्हणाली, "तुम्हांला काय येतें तें मला माहीत नाहीं, आजोबा."

तिच्या बोलण्यांत उपहास नव्हता; म्हणूनच तें अधिक लागलें. आम्हीं पेन्सिल घेतली आणि रेघेच्या जागीं 'टाकी' असें लिहिलें. निघावयाच्या दिवशीं ती पुन्हां रिकामी करावयाची होती. चिरंजीव शेजारीं उभे राहून सांगत गेले आणि आम्हीं केलें. नळी जोडणें, झडप ओढणें, थांबणें, दुसरी ओढणें, नळी धुणें. सारें मिळून पाव तास. हात थोडे कांपले हें लपवीत नाहीं. सौभाग्यवती दुरून पाहत होती. ती एवढेंच म्हणाली, "पुन्हां स्नान करणार ना? मग चहा मागून ठेवतें."

हें सांगतांना आम्हीं कांहीं मोठें केलें असा आव आणावयाचा नाहीं. स्वच्छ हातमोजे घालून, स्वतःच्या कुटुंबाची टाकी, एकदां; आणि त्या बाईनें उघड्या हातांनीं, परक्यांची, जन्मभर. दोहोंची तुलनाच नाहीं. परंतु एक गोष्ट तेव्हां स्पष्ट दिसली. केबिनींतही तीं सारीं कामें होतातच. आपण निघून गेल्यावर कोणी येऊन चादरी बदलतें, मोरी घासतें. तें आपल्या डोळ्यांआड होतें, इतकाच फरक.

आतां पत्रलेखिका भगिनींस आमचा सल्ला. ज्यांचे गुडघे धड नाहींत, किंवा ज्यांना रात्रीं दोनदां उठावें लागतें, त्यांना केबिनच द्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. पावसाळ्याचा बेत असेल तर सर्वांनींच केबिनींत राहावें; तिकडे वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, आणि सोसाट्याच्या वाऱ्यांत चाकांवरचें घर भरंवशाचें नाहीं. खर्चाचा हिशेब करतांना गाडी लावण्याची जागा केबिनीहून पुष्कळ स्वस्त दिसेल. परंतु तींत कँपरचें भाडें, विमा व इंधन मिळवून मगच तुलना करावी. तरुण मंडळी व मुलें असतील तर एक कँपर जरूर घ्यावा. आमच्याप्रमाणें एक कुटी व एक गाडी घेतल्यास दोघाही चिरंजीवांचें मन राहील.

परंतु काय घ्यावें हें ठरविण्यापूर्वीं कामांची यादी करावी, आणि प्रत्येक कामापुढें नांव लिहावें. ज्या कामापुढें कोणाचेंच नांव येत नाहीं, तें शेवटीं सुनांवर किंवा परक्या माणसांवर पडणार असें निश्चित समजावें. आपल्या महाराष्ट्रांतही २०२१ सालीं शासनानें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें आहे. उद्यां आपलीं मुलें असें घर घेऊन कोंकणांत उतरूं लागलीं, तर टाकी कोण रिकामी करणार हा प्रश्न त्यांनीं तेव्हांही विचारावा.

आणि बाई, यादींत आपलें स्वतःचें नांव घालण्यास विसरूं नये. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांपुढें रेघ ओढण्याची रीत आहे. ती मानासाठीं असते हें आम्ही जाणतों. तरीही आपण कांहींतरी काम मागून घ्यावें. नातवंडांना तें आवडतें. अखेर काय ठरलें, तें मात्र आम्हांस अवश्य कळवावें.