जनुकांच्या आडोशाला सरकार

१ नोव्हेंबर २०२५ रोजी छत्तीसगडच्या स्थापनेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली आणि त्याच दिवशी नवा रायपूर येथील नव्या विधानसभा भवनाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. या सभागृहातील ९० पैकी २९ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. मात्र आदिवासींच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा मलेरिया, कुपोषण आणि सिकलसेलपाशी थांबते. मधुमेह हा शहरी सुखवस्तूंचा आजार, हा समज प्रशासनात अद्याप कायम आहे.

हा समज ढळू लागला की दुसरा सोयीचा युक्तिवाद पुढे येतो, तो आनुवंशिकतेचा. दुष्काळात तग धरणारी ‘काटकसरी’ जनुके सुबत्तेत मधुमेहाला कारण ठरतात, असा सिद्धांत अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडला. ॲरिझोनातील पिमा आदिवासी हे त्याचे ठळक उदाहरण मानले गेले. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर सीमेपलीकडे मेक्सिकोत शेतीवर जगणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांत सुमारे ७ टक्के आढळले. रक्त एक, राहणी वेगळी. धोका जनुकांत असेलही. तो प्रत्यक्षात उतरवते ती परिस्थिती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ग्रामीण मातांच्या दीर्घ अभ्यासातून आणखी एक बाजू दाखवली. अर्धपोटी मातेचे मूल वजनाने कमी भरते, तरी त्याच्या शरीरात चरबीचा वाटा अधिक असतो. म्हणजे वारसा केवळ जनुकांचा नसतो, आईच्या उपासमारीचाही असतो. स्वस्त तांदळाने छत्तीसगडची भूक भागवली, हे श्रेय नाकारता येणार नाही. पण ताटातील कोदो-कुटकी आणि डाळ यांची जागा केवळ भाताने घेतली, तर त्याची किंमत पुढची पिढी मोजेल.

मग जनुकांचा विचारच नको काय? हवा, पण योग्य जागी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी सिकलसेलच्या वाहकांत साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते, तर लोहाच्या कमतरतेत ती जास्त दाखवू शकते. आदिवासी स्त्रीमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र असणे दुर्मीळ नाही. केवळ या एका आकड्यावर विसंबणारा डॉक्टर तिला निरोगी ठरवून घरी पाठवू शकतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत वाहकांना कार्डे दिली जातात. त्या कार्डावरील नोंद मधुमेहाच्या तपासणीशी जोडावी आणि अशा स्त्रियांची उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर थेट मोजावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. महानदी भवनातून निघणारे एक परिपत्रक पुरेसे आहे.

मात्र रक्त घेताना एक पथ्य पाळावे लागेल. ॲरिझोनातील हवासुपाई जमातीचे रक्त मधुमेहाच्या संशोधनासाठी म्हणून घेतले गेले आणि त्यांना न विचारता इतर अभ्यासांत वापरले गेले. अखेर २०१० मध्ये तेथील विद्यापीठाला सात लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. बस्तरच्या स्त्रीला तिच्या बोलीत उद्देश समजावून सांगणे आणि निदान तिच्या हाती देणे, ही मेहरबानी नव्हे.

जनुके बदलणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. शिधा, तपासणी आणि संमती मात्र पूर्णतः सरकारच्याच हाती आहेत. जाब विचारायचा तो याबाबतच.