पोकरसाठी राजीनामा? आधी वही दाखवा!

"नोकरी म्हणजे गुलामी" हे वाक्य आपल्या शिकलेल्या तरुणांच्या तोंडी आता फार सहज येऊ लागले आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते, "मी पूर्णवेळ पोकर खेळणार आहे." महिन्याला ठरलेला पगार आहे, भविष्य निर्वाह निधी कापला जातो, आजारपणात रजा मिळते, आणि तरीही राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये तयार असतो. आई-वडिलांना फक्त "ऑनलाइन काम" एवढेच सांगितलेले असते. अशा तरुणांना उद्देशून आम्ही हे लिहीत आहोत. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो: राजीनामा देऊ नका. का, ते पुढे वाचा आणि पटले नाही तर आकड्यांनी उत्तर द्या.

पोकर खेळणारा प्रत्येक जण वाया गेलेला असतो, असे आम्ही मानत नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे. संभाव्यतेचे गणित येणारा, समोरच्याची चाल ओळखणारा, हात सोडून देण्याचा संयम असलेला खेळाडू दीर्घकाळात नवख्याला हरवतो. हे नाकारणे अडाणीपणाचे ठरेल. पण खेळात कौशल्य आहे म्हणून त्यावर घर चालते, हा निष्कर्ष कुठून आला? कौशल्य तर कॅरममध्येही आहे.

आता गणितच मांडू. हातात दोन एक्के आणि समोर दोन राजे, अशा सर्वोत्तम परिस्थितीतही साधारण पाचांतून एकदा एक्केवालाच हरतो. समजा, तुम्ही खरोखर चांगले खेळाडू आहात आणि दर शंभर हातांमागे पाच बिग ब्लाइंड कमावता. या खेळातला चढउतार एवढा मोठा असतो, की शंभर हातांमागे शंभर बिग ब्लाइंडचे प्रमाण विचलन धरावे लागते. या हिशेबाने दहा हजार हात खेळल्यानंतरही तुम्ही तोट्यात असण्याची शक्यता दहांत तीन निघते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला फार तर तीस हात होतात. म्हणजे रोज आठ तास, जवळपास दीड महिना उत्तम खेळूनही दहांतल्या तिघांच्या हाती तोटाच. एक लाख हात खेळायला एक वर्षाहून जास्त काळ लागेल आणि तेव्हाही सतरांतला एक चांगला खेळाडू तोट्यात असेल. तेवढ्या काळाचे घरभाडे कोण भरणार? धाकट्या बहिणीची फी कोण भरणार?

कमाई तरी किती? ५०-१०० रुपयांच्या ब्लाइंडचे टेबल घ्या. शंभर हातांमागे पाच बिग ब्लाइंड म्हणजे ५०० रुपये, तासाला १५०, दिवसाला १,२००, महिन्याचे पंचवीस दिवस खेळलात तर ३०,००० रुपये. महाराष्ट्र शासनातल्या लिपिक-टंकलेखकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १९,९०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे सगळे सुरळीत गेले तरी हा "स्वातंत्र्यवीर" कमावणार एका लिपिकाएवढे. तेही रजा, ग्रॅच्युइटी आणि दर वर्षीच्या वेतनवाढीवर पाणी सोडून. मोठ्या टेबलावर बसा म्हणाल, तर भांडवलही मोठे लागते. आणि हरलेला पैसा कर्जाचा असेल, तर व्याज तुमचे कौशल्य बघत नाही.

शिवाय घरमालकाचा वाटा वेगळा. प्रत्येक डावातून टेबल चालवणारा आपला हिस्सा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. समजा, नऊ जण प्रत्येकी २०,००० घेऊन बसले आणि प्रत्येक हातामागे २०० रुपये कापले गेले. तासाला तीस हात धरले तर आठ तासांत ४८,००० रुपये टेबलावरून नाहीसे झाले. एक लाख ऐंशी हजारांतला चौथा हिस्साच गेला! कोण जिंकले, कोण हरले याच्याशी मालकाला देणेघेणे नाही. त्यानंतर सरकार येते. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के, वर अधिभार व उपकर, आणि प्रवास-मुक्कामाच्या खर्चाची वजावट नाही. ज्या धंद्यात खेळाडू दमतो आणि मालक कधीच हरत नाही, त्याला तुम्ही "स्वतःचा मालक होणे" म्हणता?

"पण सर्वोच्च न्यायालयानेच याला कौशल्याचा खेळ म्हटले आहे," हा ठरलेला युक्तिवाद. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले, पोकरला नव्हे. पोकरबाबत देशात एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर जुगाराच्या व्याख्येतून वगळला आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळवला जाणारा प्रत्येक ऑनलाइन खेळ त्याने बंद केला. त्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण मोठमोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांची टेबले गुंडाळली. तीन दिवसांत ज्याचा कारखाना बंद पडू शकतो, त्या धंद्याला करिअर म्हणायचे? कारखाना बंद पडला तर कामगाराला निदान नुकसानभरपाईचा दावा तरी करता येतो. तुम्ही कोणाच्या दारात जाणार?

आता उरली मांडवीवरची गोव्याची कॅसिनो-जहाजे, नाहीतर चोरून चालणारे क्लब आणि परदेशी ॲप. तिथे पैसे अडकले तर पोलीस ठाण्यात काय सांगणार आहात?

आता मूळ मुद्दा. नोकरीला गुलामी म्हणणारे कोण आहेत? ज्यांच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे, गावाकडे बागायत आहे, काकांचा व्यवसाय आहे, त्यांचा मुलगा दोन वर्षे पोकर खेळून हरला तर "अनुभव घेऊन आला" असे म्हणतात. ज्याच्या घरात पहिल्यांदा पगाराची पावती आली, त्याचा मुलगा हरला तर घर तीस वर्षे मागे जाते. दोघे एकाच टेबलावर बसतात, पण एकाच पातळीवरून बसत नाहीत. परीक्षांसाठी घालवलेली उमेदीची वर्षे, जातपडताळणीचे हेलपाटे, मुलाखतीतले ते आडनावावर रेंगाळणारे डोळे, हे सगळे पार करून मिळालेली नोकरी राजीनाम्याच्या एका सहीने जाते. परत यायचे म्हटले तर वयोमर्यादा आडवी येते.

आणि ही नोकरी सुरक्षित झाली कशी? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास, कामगारांचा विमा, किमान वेतन या प्रश्नांवर त्यांनी तिथे काम केले. आठ तासांनंतर घरी जाण्याचा हक्क लढून मिळाला आहे. त्याला गुलामी म्हणून रोज रात्रभर जागून, घड्याळ नसलेल्या हॉलमध्ये पत्ते पिसण्याला मुक्ती म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे. साहेब जातीवरून छळत असेल, बढती अडवत असेल, तर तक्रार करा, संघटनेत या, बदली मागा, दुसरी नोकरी शोधा. अन्यायाचे उत्तर पत्त्यांत मिळत नाही.

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत: जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, असलेले धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, लग्नाला कोणी पत्करत नाही. यात नरकाची भीती दाखवलेली नाही. हा साधा ऐहिक हिशेब आहे. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक आजीविकेची कसोटीही इथे लावा. पोकरमध्ये नवी संपत्ती निर्माण होत नाही. व्यावसायिक खेळाडूला जगायचे तर स्वतःपेक्षा कच्चे खेळाडू शोधावे लागतात. त्यांना तो आपसांत "मासा" म्हणतो. तो मासा बहुतेकदा कोणाचा तरी पगारदार मुलगाच असतो.

महाभारतातल्या द्यूतात युधिष्ठिराने भाऊ लावले, बायको लावली. तरी तो "धर्मराज"च राहिला! डाव त्याचा आणि वनवास सगळ्यांचा. तुम्ही राजीनामा द्याल तेव्हा टेबलावर फक्त तुमचे पैसे नसतील, आईचे औषधही असेल.

तरीही ज्यांचा हट्ट आहे त्यांनी वही दाखवावी. किमान एक लाख हातांची नोंद, जिंकलेले आणि हरलेले प्रत्येक रुपये, घालवलेले तास, प्रवास, कर. कर्जाशिवायचे भांडवल आणि त्याशिवाय घरखर्चाचे दोन वर्षांचे पैसे वेगळे. हे सगळे घरच्यांसमोर, वडिलांसमोर आणि पत्नीसमोर उघडून ठेवा. ज्याची वही नाही, त्याला आपले कौशल्य माहीतच नाही. त्याला फक्त आपले जिंकलेले डाव आठवतात. आणि वही लपवावी लागत असेल, झोप उडाली असेल, हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा बसावे लागत असेल, तर प्रश्न करिअरचा राहिलेला नाही. मग मित्राशी बोला, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यात लाज नाही.

सोमवारी कामावर जा. मसुदा पुसून टाका.

जय भीम!